माझं दुबईतलं वास्तव्य

विमानाचं दारसुद्धा न पाहता मी सात महिने दुबईला राहून आलो. हे कर्तृत्व माझं नाही, आईचं. मी खरा होतो तो घाटावर, एका गावाबाहेरच्या पत्र्याच्या छपराखाली, व्यसनमुक्ती केंद्रात. सकाळी झाडू मारायचा, दुपारी गोल करून बसायचं आणि आपल्याला नेमकं काय वाटतंय ते शोधून काढायचं, असा तिथला माझा दिवस. त्याच वेळी विरारला, आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, मी दुबईतल्या एका मोठ्या कंपनीत स्टोअरकीपर होतो. जेवायला कंपनीचं कॅन्टीन होतं, राहायला एसी खोली होती आणि सुट्टी रविवारऐवजी शुक्रवारी होती. यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. आपल्या प्रगतीची बातमी आपल्याला सगळ्यात शेवटी कळते, हे मी त्या वर्षी शिकलो.

गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, नादी मी कसा लागलो, ते इथे सांगत बसत नाही. आम्हा गर्दुल्ल्यांना ती गोष्ट रंगवून सांगायची भारी हौस असते. केंद्रात तर तिच्या स्पर्धाच लागायच्या, कोण किती खालपर्यंत गेला होता याच्या. त्यात मी मधल्या फळीतला. दोन वर्षांत आईचा तांब्याचा हंडा, ताईचा टेपरेकॉर्डर आणि बाबांना नोकरीच्या पंचवीस वर्षांबद्दल मिळालेलं मनगटी घड्याळ एवढंच विकून झालं होतं. शेवटी एका संध्याकाळी बाबांनी मला स्टेशनबाहेरच्या रिक्षा स्टँडवर, ओळखीच्या पाच-पन्नास माणसांदेखत, छत्रीने मारलं. बाबा सरकारी कचेरीत कारकून. कचेरीतली टाचणीसुद्धा कधी घरी न आणलेला माणूस. त्यांनी उभ्या आयुष्यात कोणावर हात उचलला नव्हता, त्यामुळे मारायचं कसं हेही त्यांना धड जमत नव्हतं. छत्रीच्या दोन काड्या मोडल्या. मला काही झालं नाही, कारण काही होण्याइतका मी शुद्धीवर नव्हतो. दुसऱ्या दिवशी धाकटे काका आले आणि त्यांनी मला केंद्रात नेऊन घातलं.

आमचं घर म्हणजे वन-रूम-किचन. आईबाबा देवगडकडचे, लालबागच्या चाळीतून विरारला आलेले. चाळीत दोन खोल्यांत नऊ माणसं होती आणि इथे चारच, म्हणून आईला पहिलं वर्षभर घर रिकामं वाटायचं. बिल्डिंगच्या मागे तेव्हा अजून भातशेती होती. पावसाळ्यात बेडूक असे ओरडायचे की बाबा रेडिओचा आवाज वाढवत आणि मग शेजारच्या सावेकाकू त्यांचा वाढवत. पाणी टँकरचं. त्याचा हॉर्न वाजला की अख्खी बिल्डिंग हातातलं काम टाकून जिन्यावर यायची. हंडे, कळश्या, रंगाचे रिकामे डबे, कोणी तर लहान मुलाच्या आंघोळीचा टबसुद्धा घेऊन. आमच्या स्वयंपाकघरातून सदा काहीतरी वास येत असायचा. सकाळी उकड्या तांदळाच्या पेजेचा, दुपारी सुकट भाजल्याचा, रविवारी बांगड्याच्या तिखल्याचा. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी ताई गोखिवऱ्याला पेनांच्या कारखान्यात होती. तयार झालेल्या प्रत्येक पेनाने कागदावर चार गोल काढून बघायचे आणि अडखळलेलं पेन बाजूला टाकायचं, हे तिचं काम. दिवसभर गोल काढून ती घरी यायची आणि म्हणायची, आज पण कुठे पोचले नाही.

परत आलो तो मी अगदी नव्या शब्दांनिशी. केंद्रात भिंतीवर भावनांचा एक तक्ता होता. राग, भीती, लाज, एकटेपणा, मत्सर, अपराधीपणा, आणि तळाशी कोपऱ्यात जागा उरली म्हणून आनंद. रोज सकाळी प्रत्येकाने त्यातली एक उचलून सांगायची. 'बरं वाटतंय' चालायचं नाही. आमचे समुपदेशक, ज्यांना सगळे दादा म्हणत आणि जे कधीकाळी याच रस्त्याने आले होते, ते म्हणायचे की बरं ही भावनाच नव्हे, ती थाप आहे. पहिले पंधरा दिवस मी तक्त्यावरून क्रमाने जात होतो, सोमवारी राग, मंगळवारी भीती. पुढे पुढे खरंच काही सापडायला लागलं. आणि तिथला आणखी एक रिवाज म्हणजे टाळ्या. कोणी उभं राहून आपलं एखादं काळं कृत्य कबूल केलं की सगळे टाळ्या वाजवायचे. कृत्य जितकं लाजिरवाणं तितक्या टाळ्या जोरात. मी हंड्याची गोष्ट सांगितली तेव्हा इतक्या टाळ्या पडल्या, की घरातलं आणखी काही विकलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटून गेलं.

घरी मात्र या सगळ्या तक्त्याला एकच शब्द होता, पित्त. मी आईला सांगितलं की मला आज फार एकटं वाटतंय. तिने माझ्या कपाळाला हात लावला, सकाळपासून पोटात काही नाही म्हणून तसं होतंय असं ठरवलं आणि कोकमाचं सरबत हातात दिलं. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, मला अपराधी वाटतंय. ती म्हणाली, काल वाटाण्याची उसळ जास्त झाली. मी दादांनी शिकवल्याप्रमाणे तिला समजावू लागलो की आई, भावना दाबून ठेवल्या की त्या दुसऱ्या वाटेने बाहेर येतात. आई म्हणाली, तेच तर मी म्हणतेय, आणि ओव्याची चिमूट पुढे केली. तेव्हा मी संतापलो होतो. आता पन्नाशी उलटल्यावर कबूल करतो की माझा निम्माअधिक अपराधीपणा गरम पेज आणि लोणच्याने खरोखरच उतरायचा. उरलेल्या निम्म्याला मात्र काही उतारा सापडत नव्हता.

तलफ यायची ती दुपारी चारला. का ते माहीत नाही, पण चारला. पोटऱ्यांत गोळे यायचे, जांभया सुटायच्या आणि पाय आपोआप चपलांकडे जायचे. दादांनी सांगितलं होतं की तलफेशी भांडू नकोस, फक्त वीस मिनिटं काढ. मी ती वीस मिनिटं टँकरच्या पाण्यावर काढायचो. आमचं पाणी भरून झालं की सावेकाकूंचं, मग समोरच्यांचं, मग वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्याचं. दोन्ही हातांत बादल्या घेऊन तीन-चार मजले चढलो की तलफ कुठेतरी दुसऱ्या मजल्यावर दम खायला बसायची. बिल्डिंगमध्ये माझं नाव झालं. एकदा सावेकाकू जिन्यात मला थांबवून कौतुकाने म्हणाल्या, "काय रे संजू, काळा पडलास हो. पण दुबईने तुला माणूस केलं."

मी दोन्ही बादल्या खाली ठेवल्या. तेवढ्यात आई दारात आली आणि मला दंडाला धरून आत घेऊन गेली. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की मी कुठे होतो.

आईने सगळं सांगितलं, पण माफीच्या सुरात नाही. एखादं अवघड काम निभावलेल्या माणसाच्या सुरात. ताई सव्वीस पार करत होती. गर्दुल्ल्याच्या बहिणीला कोण करील? मी गेल्यावर चौथ्या दिवशी सावेकाकूंनी संजू कुठे दिसत नाही असं विचारलं आणि आईच्या तोंडून दुबई निघून गेलं. तिला तेवढं एकच गाव माहीत होतं जिथून माणूस लगेच परत येत नाही. पण एकदा दुबईला पाठवल्यावर मुलाचं पत्र यायला नको? म्हणून दर महिन्याला माझं पत्र यायचं. तिकीट-शिक्का नसायचा, कारण कंपनीतलं कोणीतरी गावी येताना हातोहात घेऊन यायचं. दुपारी जेवणं उरकली की आई ते गॅलरीत मोठ्याने वाचायची आणि मजल्यावरच्या बायका डोळे पुसायच्या. परत येताना मी सगळ्यांसाठी वस्तूही आणल्या होत्या. साबण, अत्तराच्या बाटल्या, संत्र्याच्या सरबताची पावडर. आईने त्या फोर्टच्या फुटपाथवरून घेतल्या होत्या आणि मी आलो त्याच संध्याकाळी घरोघर पोचत्या केल्या होत्या. मी आत झोपलो होतो तेव्हा.

पत्रं लिहायचं कोण, हे मी विचारलं. आई भांड्यांकडे वळली. एक पत्र उघडून अक्षर बघितल्यावर विचारायची गरजच उरली नाही. बाबांचं अक्षर कचेरीत प्रसिद्ध होतं. ताईने कारखान्यातून आणलेल्या नापास पेनांनी, जिथे शाई अडखळली तिथे पुन्हा गिरवून, त्यांनी मला सात महिने जगवलं होतं.

त्या वेळी नेमकं ताईसाठी एक स्थळ आलं. वसईचं घर, मुलगा प्रशांत बँकेत, आईवडील सालस. ताई आणि प्रशांत एकदा बाहेर भेटले होते आणि घरी आल्यावर ताई न सांगता चहा करायला उठली होती, यावरून आम्ही काय ते समजलो. आता मंडळी रविवारी सकाळी घरी यायची होती, जवळजवळ पक्कंच करायला. एकच अडचण होती. बरोबर प्रशांतचे मामा येणार होते, आणि मामांनी चौदा वर्षं दुबईला काढली होती. मुलीचा भाऊ तिकडे होता हे आमच्या बाजूने आधीच सांगून झालं होतं. हे जर उघडं पडलं, तर लग्न मोडणार, एवढं आमच्या घरातल्या भांड्यांनाही कळत होतं. आईने पत्रांचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, पाठ कर.

बाबांनी माझी तयारी करून घेतली. कचेरीतून आले की हातपाय धुऊन समोर बसायचे आणि विचारायचे, कॅन्टीनमध्ये सकाळी काय मिळतं? शुक्रवारी कुठे जातोस? मॅनेजरचं नाव? मला शाळेत कधी त्यांनी असं शिकवलं नव्हतं. पत्रांतला मी फार सरळ मुलगा होतो. वेळेवर उठायचो, कोणाच्या अध्यात नसायचो, आईच्या हातच्या तिखल्याची आठवण काढायचो. तो वाचून मला त्याचा हेवा वाटला. तक्त्यावरच्या भाषेत, मत्सर. स्वतःचा मत्सर करणारा माणूस केंद्रातसुद्धा मी पाहिला नव्हता.

पाचव्या पत्रात चार ओळी पेन्सिलीने कंसात घातलेल्या होत्या. ती पेन्सिल आईची. गॅलरीत वाचताना त्या गाळायच्या होत्या. ओळी अशा होत्या: 'त्या दिवशी बाबांनी माझ्यावर हात उचलला त्याचं माझ्या मनात काही नाही, असं त्यांना सांग. ते ती गोष्ट मनाला लावून घेतील. मला मुळीच लागलं नाही. ते आपले छत्री न घेताच कचेरीत जात असतील, तर त्यांना नवी घ्यायला सांग.' मी ते दोनदा वाचलं. बाबांनी माझ्याकडून स्वतःला माफी लिहून घेतली होती, कारण दुसरं कोणी देणारं नव्हतं. मी देणारा नव्हतो, मी तर त्या वेळी गटात उभा राहून छत्रीच्या गोष्टीवर टाळ्या मिळवत होतो. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. बाबा समोरच बसले होते. त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी केली आणि म्हणाले की हे प्रश्नात येणार नाही, पुढचं घे.

रविवारी मंडळी आली. येताना त्यांनी निर्मळच्या बाजूची वेलची केळी आणली होती, एक अख्खी फणी. आईने कांदेपोहे, वर खोबरं, ओल्या नारळाच्या करंज्या असा बेत केला होता. मामा साठीच्या घरातले, शांत, हाताची घडी घालून बसणारे. पोहे झाल्यावर त्यांनी मला विचारलं की दुबईला राहायला कुठे होतास. मी पाठ केलेली एसी खोली सांगायला तोंड उघडलं आणि मला एकदम कळलं की ते खरं वाटणार नाही. केंद्रात माझ्या शेजारच्या खाटेवर सुर्वे म्हणून एक ड्रायव्हर होता. तो खरोखरच दुबईला राहून, दारूपायी सगळं घालवून आलेला. सात महिने रोज संध्याकाळी त्याने मला दुबई ऐकवली होती. मी ती काढली. खाडीतली होडी काढली, दुपारी रस्त्यावर पाय ठेवता येत नाही ते ऊन काढलं. आणि जिथे सुर्वे कमी पडला तिथे मी सरळ केंद्रच सांगितलं. एका खोलीत आठ खाटा. पहाटेची घंटा. पाण्यासारखी डाळ. बाहेर जायला मनाई. पत्र आलं तर दोन दिवस ते न फोडता उशीखाली ठेवायचं, म्हणजे दोन दिवस काहीतरी उरतं.

मामांनी हाताची घडी सोडली. त्यांचे डोळे भरले होते. "अगदी असंच," ते म्हणाले. "आम्ही आठ जण होतो. मी हे बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. कोणाला कळत नाही, रे."

सगळी बैठक विरघळली. प्रशांतच्या आईने करंजी उचलली. बाबांनी माझ्याकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या नजरेत मला शाबासकी दिसली. मी पाणी पितो म्हणून उठलो आणि मोरीत जाऊन उभा राहिलो. कानशिलं गरम झाली होती आणि सगळ्या अंगभर एक ओळखीची ऊब चढत होती. ती ओळख पटली तेव्हा मी हबकलो. आईच्या डोळ्यांत बघून 'मित्राकडे अभ्यासाला जातोय' म्हणायचो आणि ती मान डोलवायची, तेव्हा अशीच चढायची. पुडी हातात यायच्या आधीचा तो अर्धा नशा. सकाळचे अकरा वाजले होते आणि माझे पाय चपला शोधत होते. मी फार घाबरलो. सरळ जिना उतरून स्टेशनकडे जावं, अशी इच्छा इतकी उघड, इतकी साधी वाटत होती की तिला विरोध करायचं कारणच सुचेना.

वीस मिनिटं काढायला टँकर नव्हता. मला दुसरं एकच औषध येत होतं. मी बाहेर आलो, बसलो नाही, केंद्रात उभे राहायचो तसा हात मागे बांधून हॉलच्या मधोमध उभा राहिलो. ताई आणि प्रशांत नुकतेच बोलायला गॅलरीत जायला उठले होते.

"माझं नाव संजय," मी म्हणालो. सगळ्यांना माझं नाव माहीत होतं. "मी गर्दुल्ला आहे. मी दुबईला कधी गेलो नाही. सात महिने व्यसनमुक्ती केंद्रात होतो. आज मला दोनशे तेहेतीस दिवस झाले."

आणि मी थांबलो. आज हे लिहितानासुद्धा माझ्या अंगावर काटा येतो, तो मी जे बोललो त्याचा नाही, त्यानंतर थांबलो त्याचा. मी टाळ्यांची वाट बघत होतो. खरोखर बघत होतो. एवढं मोठं खरं बोलल्यावर दोनशे तेहेतीस दिवसांत कधी टाळ्या पडल्या नव्हत्या असं झालं नव्हतं. माझा चेहरा त्या वेळी थोडा हसरासुद्धा असणार. पंखा फिरत होता. सावेकाकूंच्या घरात मिक्सर चालू होता, तोही नेमका तेव्हाच बंद झाला. प्रशांतच्या आईने अर्धी खाल्लेली करंजी हळूच बशीत ठेवली, आवाज होऊ नये अशी.

आधी बोलले ते मामा. "मग ती आठ जणांची खोली?"

"ती केंद्रातली," मी म्हणालो.

"मला वाटलं, कोणीतरी भेटला," एवढंच ते म्हणाले आणि त्यांनी पुन्हा हाताची घडी घातली. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

मंडळी उठली. आईला कधी नव्हे ते पाहुण्यांसमोर गावचं बोलणं फुटलं. "च्या तरी घेवन जावा," ती जिन्यापर्यंत म्हणत गेली. प्रशांत सगळ्यांत शेवटी निघाला, ताईकडे बघत. ताई कोणाकडेच बघत नव्हती. दार लागल्यावर बाबांनी पोह्यांच्या बशा एकात एक ठेवल्या, हे काम ते कधी करत नसत, आणि बशा आत नेता नेता मला म्हणाले, "पत्रातला मुलगा बरा होता." मी आजवर ऐकलेल्यांत हे सगळ्यांत खरं वाक्य आहे, आणि मलाही तो बरा वाटायचा.

पाच दिवसांनी मध्यस्थांकडून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका कोणी मागितलीच नव्हती. आई म्हणाली, मंगळ असेल. बाबा म्हणाले, असेल. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही, आणि मी मात्र घरभर माझा प्रामाणिकपणा मिरवत हिंडत होतो, एखाद्याला मेडल मिळावं आणि बघायला कोणी नसावं तसा. मनातून वाटत होतं की एक ना एक दिवस ताई येऊन म्हणेल, संजू, तू केलंस तेच बरोबर. मी त्या प्रसंगाची तालीमही केली होती. मी नम्रपणे म्हणणार होतो की ताई, त्यात काय.

ताई दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही. मग एका रविवारी आईबाबा कोणाकडे तरी वास्तुशांतीला गेले होते आणि ताई स्वयंपाकघरात जमिनीवर कोलंबी सोलत बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन बसलो आणि मदत करू का विचारलं. तिने पाटी मध्ये सरकवली. बराच वेळ आम्ही सोलत राहिलो. मग ती म्हणाली, "त्या दिवशी बोलून झाल्यावर तू थांबला होतास. कशासाठी?"

मी खरं ते सांगितलं. केंद्रात टाळ्या वाजवतात म्हणून.

ती हसली. नाकातून, नको असताना आलेलं हसू. आणि मग तिचा चेहरा असा झाला की मी कोलंबीकडे बघायला लागलो.

"मी त्याला सांगणार होते," ती म्हणाली. "त्याच दिवशी, गॅलरीत. त्यासाठीच उठले होते. काय बोलायचं ते महिनाभर ठरवत होते. तो कदाचित नाही म्हणाला असता, पण ते त्याने मला म्हटलं असतं, मी एकटी असताना. तू माझी आणखी एक गोष्ट न विचारता घेऊन गेलास, संजू. आणि या वेळेला तर वर तुला कौतुक पण हवं होतं."

मला पहिली सुचली ती सबब. मी मोरीत कसा घाबरलो, पाय चपला कसे शोधत होते, तसं बोललो नसतो तर मी संपलो असतो. ते सगळं खरं होतं आणि मी ते सांगायला तोंडही उघडलं. पण तिच्या बाजूने पाहिलं तर त्यातलं एक अक्षरही तिच्या उपयोगाचं नव्हतं. मी जीव वाचवला होता तो माझा, आणि तो तिच्या वाट्यातून वाचवला होता. मी म्हणालो की ताई, चुकलं. माझं ठरवून ठेवलेलं नम्र वाक्य वाया गेलं.

"मला राग आलाय," ती म्हणाली. "माफ केलं वगैरे म्हणणार नाही मी. तो कधी जाईल ते मला माहीत नाही. तोवर तू काय करणार? परत ओढणार?"

"नाही."

"कशावरून?"

"आजचं सांगू शकतो. आज नाही."

"मग बस इथे," ती म्हणाली. "आणि मला समजवायला जाऊ नकोस."

मी बसलो. चार वाजून गेले होते. पोटऱ्यांत गोळे येत होते, उठून जावं, पाणी भरावं, आईने म्हणावं पित्त झालंय आणि सरबत द्यावं, असं सगळं वाटत होतं. समोर माझी बहीण माझ्यावर रागावलेली होती आणि तिचं बरोबर होतं. त्यावर माझ्याकडे काही उपाय नव्हता, आणि तिने तो मागितलाही नव्हता.

पुढे ताईचं लग्न झालं, दुसरीकडे, तिने स्वतः सगळं सांगून. नातवंडं आहेत तिला आता. पण तिचा राग जायला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात ती माझ्याशी गरजेपुरतं बोलली आणि मी रोज तिच्यासमोर जेवायला बसलो. अजून कोणी ना कोणी आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे येतं आणि विचारतं, तुम्ही कसं सोडलंत. मी त्यांना वीस मिनिटांचं सांगतो, टँकरचं सांगतो, तेही खोटं नाही. पण माझ्यापुरतं खरं एवढंच आहे की माझी बहीण माझ्यावर दीड वर्ष रागावली होती, आणि मी उठून गेलो नाही.